खोडायचं, पुसायचं नाही

आमच्या कंपनीत कुणाच्या घरचं लग्न निघालं, की पत्रिका बाईंना सगळ्यात शेवटी द्यायची, असा एक अलिखित नियम होता. (असा नियम आहे हे बाईंना कळलं असतं, तर त्यांनी तो लिहून काढायला लावला असता, हा भाग वेगळा.) कारण एकदा स्टोअरमधल्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढं ठेवली होती. मुहूर्त छापताना चुकला होता, म्हणून त्यांनी तो पेनानं गिरवून दुरुस्त केला होता. बाईंनी चष्मा नाकावर ओढला, पत्रिका वाचली आणि परत त्यांच्याकडं सरकवली.

"दुरुस्ती कुणी केली?"

"मीच केली, बाई."

"मग शेजारी सही करा. तारीख घाला. आणि हे गिरवलंय कशाला? आधीचा मुहूर्त काय होता ते आता वाचता येत नाही. एक आडवी रेघ मारायची फक्त. खोडायचं, पुसायचं नाही."

वधुपित्यानं मुकाट्यानं सही केली, तारीख घातली. बाई लग्नाला गेल्या, नवरीला चांगली पैठणी दिली, पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढली. मात्र पहिल्या अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी घड्याळात पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

नगरच्या एमआयडीसीत आमची औषधांची कंपनी. औषधांच्या कंपनीत कुणी आपल्या मनानं काही करत नाही. बाटली कशी भरायची, मशीन कसं धुवायचं, फरशी कोणत्या बाजूनं पुसत यायची, प्रत्येक कामाचा पायरीपायरीनं लिहिलेला कागद असतो. त्याला एसओपी म्हणतात. तो कागद बदलला की नवी प्रत जागोजागी पोचवायची, जुनी प्रत ठिकठिकाणाहून परत आणायची, आणि जुनी एकही कुठं राहू द्यायची नाही, हे काम डॉक्युमेंट कंट्रोल नावाच्या खात्याचं. बाई त्या खात्याच्या प्रमुख. मी प्रॉडक्शनमध्ये सुखात होतो. तिथून मला या खात्यात ढकललं तेव्हा मित्रांनी सांत्वनाला चहा पाजला. मीही घरी जाऊन बायकोला म्हणालो, की आता आयुष्यभर शिक्के मारायचे.

शिक्का मारायला मिळेल अशी माझी समजूत होती, एवढंच. शिक्का बाई स्वतः मारत. हिरव्या शाईचा 'नियंत्रित प्रत', म्हणजे हीच वापरायची, आणि लाल शाईचा 'रद्द', हे दोन शिक्के त्यांच्या टेबलाच्या खणात कुलपात असत आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. शाळेतल्या बाई वाटत, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. 'मॅडम' म्हणणारा माणूस नवा आहे हे लगेच ओळखू येई. मूळच्या श्रीगोंद्याच्या. वडील भिक्षुकी करत आणि घरी मुलांना संथा देत. गुरुजींनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा म्हणायचं, असं सगळं तोंडपाठ करून घेण्याची ती पद्धत. मुलगी म्हणून बाईंना त्या ओळीत बसवलं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून ऐकत, आणि ओळीत बसलेली मुलं विसरली तरी यांना सगळं येई.

तारीख हा त्यांचा लाडका शब्द. शिर्डीहून कुणी पेढ्यांचा पुडा आणला, तर हात पुढं करायच्या आधी "तारीख?" विचारत. पुडा उघडला की त्यावर उघडल्याची तारीख आणि सही. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, तर लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी: 'आवृत्ती दोन. बदल: मीठ कमी. कारण: डॉक्टर.' भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ, सहीसकट. भांडणातही हीच तऱ्हा. तावातावानं मला काहीतरी बोलून जात आणि चहाच्या वेळी म्हणत, "सकाळी तुला आळशी म्हणाले ते खोडते. म्हणाले नव्हते असं नाही. म्हणाले होते, आणि आता खोडते." राग यायचा मला. पण एवढी सरळ माफी मला दुसऱ्या कुठल्या वरिष्ठानं कधी मागितली नाही, हेही खरं.

व्हाइटनरची बाटली त्यांना कुणाच्या टेबलावर दिसली, तर त्या ती दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेला उंदीर न्यावा तशी, साऱ्या खात्यांसमोरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेत. बाटलीचा मालक मान खाली घालून बसे.

आणि त्यांची सगळ्यात दहशत होती ती 'करून वाचण्या'ची. कुठल्याही खात्यानं नवी एसओपी लिहून आणली, की बाई ती सहज मंजूर करत नसत. लिहिणाऱ्या साहेबालाच उभं करत, कागद स्वतः हातात घेत आणि मोठ्यानं वाचत. साहेबानं कागदात असेल तेवढंच करायचं, जास्त काही नाही. एकदा एक नवे अधिकारी हात धुण्याची एसओपी घेऊन आले. बाईंनी वाचलं, "नळ सोडा." त्यांनी सोडला. "हात ओले करा, साबण लावा, चोळा, धुवा." त्यांनी धुतले. "हातमोजे घाला." अधिकारी कागदी रुमालाकडं वळले.

"थांबा. हात पुसा असं कुठं लिहिलंय?"

"अहो बाई, ते कुणालाही कळतं."

"कुणाला कळतं ते कागदाला माहीत नाही. घाला मोजे."

ते बिचारे ओल्या हातांनी रबरी मोजे घालायला लागले. मोजे अंगठ्यापाशी अडले. मागं नळ धो धो वाहत होता, कारण तो बंद करा असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्ही सगळे काचेबाहेर उभे राहून हसत होतो. ते अधिकारी पुढं इतका नेटका कागद लिहायला लागले, की बाई त्यांचं उदाहरण देत.

वैशालीची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत. वैशाली देवळाली प्रवराची. घरचा ऊस, घरात माणसं भरपूर, पण ही बारावीनंतर हट्टानं कंपनीच्या बसमध्ये बसली आणि सिरप भरायच्या विभागात कंत्राटी कामाला लागली. तिच्या जोडीच्या बायका, मशीन धुताना साबण आधी की नळाचं पाणी आधी, शुद्ध पाणी मधे की शेवटी, यात गोंधळत. कागद भिंतीवर असे, पण हात ओले, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. कोण सारखं भिंतीकडं बघणार? बाईंनी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि स्वतः रचलेल्या ओव्यांची चक्क संथा दिली.

नळाच्या पाण्यानं । धुऊन घ्या अंग ।
साबणाचा संग । मग द्यावा ॥
फेस सारा जावा । फिरून नळानं ।
शुद्ध त्या जळानं । शेवट हो ॥

बाई एकदा म्हणत, बायका दोनदा. अंग म्हणजे मशीनचं, हे बाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. भाकरीचा घास हातात तसाच ठेवून सगळ्या जोरात म्हणत होत्या आणि पलीकडच्या टेबलावरचे पुरुष आ वासून बघत होते. त्यानंतर धुण्यात चूक झाली नाही. विभागात बोलायला बंदी होती, पण गुणगुणायला बंदी आहे असं काही लिहिलेलं नव्हतं. काचेतून पाहिलं, की मशीन धुणाऱ्या बायकांचे मास्क तालात हलताना दिसत.

मग शहराचं नाव बदललं. आम्ही तोंडानं अजून नगरच म्हणतो, पण कागदावर अहिल्यानगर आलं आणि आमच्या खात्यावर डोंगर कोसळला. कंपनीतल्या प्रत्येक एसओपीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पत्ता. नवी पानं काढायची, जुनी परत आणायची. दुसऱ्या कुणी पत्ता बदलून हात झटकले असते. बाई म्हणाल्या, "कागद हातात आलाच आहे, तर आत काय लिहिलंय तेही वाचू." मी कपाळाला हात लावला. पण त्या वाचनात बऱ्याच गोष्टी सुधारल्या. सिरपच्या मशीनला आत रबरी रिंगा असतात; त्यांच्या खाचेत आधीच्या औषधाचा रंग अडकून बसतो. म्हणून नव्या आवृत्तीत पहिली पायरी आली: रिंगा आधी काढा, वेगळ्या धुवा, मग मशीन. बाईंनी जुनी प्रत न् प्रत परत आणली, लाल शिक्का मारला, बायकांना नवा कागद वाचून दाखवला. सगळ्यांनी समजल्याच्या सह्या केल्या. "माझ्या खात्यातनं जुनी प्रत बाहेर राहिलेली नाही," हे वाक्य बाई देवाचं नाव घ्यावं तशा म्हणत, आणि ते खरंच होतं.

काही महिने नीट गेले; कागद नवा होता, बायका आठवून आठवून रिंगा काढत. मग एका दुपारी गुलाबी सिरपनंतर पांढरं औषध भरायला घेतलं, आणि पहिल्याच बाटल्या गुलाबी झाकेच्या निघाल्या. मशीन थांबलं. बाहेर काही गेलं नव्हतं, पण भरलेलं सगळं अडवून ठेवलं. रिंगा न काढता मशीन धुतलं गेलं होतं. धुणारी होती वैशाली.

त्याच महिन्यात तिचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत होतं. पाच वर्षं बस पकडून तिनं त्या यादीची वाट पाहिली होती. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं आणि 'कायम झाले की मगच' असं सांगून तिनं सगळ्यांना थोपवून धरलं होतं. आमच्याकडं काही चुकलं, की त्याचं कारण शोधून लिहावं लागतं, त्याला डेव्हिएशन म्हणतात. प्रॉडक्शनच्या साहेबांनी कारणाच्या रकान्यात लिहूनही टाकलं होतं: कामगाराची चूक. नवा कागद तिला वाचून दाखवलेला, तिची सही हजर. एकदा हे कारण पक्कं झालं, की यादीतून नाव जाणार, आणि कंत्राट संपलं की वैशालीही जाणार. बाईंच्या मंजुरीची सही तेवढी राहिली होती.

वैशाली बाईंच्या टेबलापुढं उभी राहिली. डोळे सुजलेले.

"बाई, मला नवा कागद पाठ हाय. आता इचारा, घडाघडा सांगते. पर त्या दिशी हातानं काय केलं, ते माझं मलाच उमगत न्हाई. लई इचार केला मी."

"रिंगा काढायच्या माहीत होतं?"

"व्हय की! म्हाईत हुतं. तरी न्हाई काढल्या. आता काय सांगू तुमाला!"

मला वाटलं, बाई आता झापणार. त्या उठल्या, म्हणाल्या, "चल, करून दाखव." आम्ही तिघं टोप्या-मास्क चढवून मशीनपाशी गेलो. तिथलं मशीन रिकामं होतं. बाईंनी या खेपेला कागद वाचला नाही. नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या. "मी नाही असं समज. रोज करतेस तसं कर."

वैशालीनं आधी भीतभीत रिंगांना हात लावला. बाई म्हणाल्या, "आठवून करू नकोस. सवयीनं कर." ती थोडा वेळ थांबली. मग नळ सोडला आणि पाण्याचा आवाज सुरू झाल्याबरोबर तिचा मास्क हलायला लागला. अगदी बारीक आवाजात, स्वतःशीच: नळाच्या पाण्यानं, धुऊन घ्या अंग. हात ओवीमागून सरळ चालले. रिंगांना तिनं हातही लावला नाही. साबणापाशी आली आणि एकदम थबकली.

"आगं बाई," ती म्हणाली. "गान्यात रिंगा न्हाईत."

बाईंचा चेहरा मास्कमुळं दिसत नव्हता, डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी हात पुढं करून नळ बंद केला. बाहेर येऊन टोपी काढली आणि खुर्चीत बसल्या. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

"सगळ्या प्रती परत आणल्या मी," त्या म्हणाल्या. "ही एक राहिली. आणि ती मीच वाटलेली." मग माझ्याकडं वळून: "दाराआड उभं राहून ऐकलेलं मला अजून पाठ आहे रे. या वयात. कागद परत मागता येतो, संथा कशी परत मागणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारणाचा रकाना स्वतःच्या अक्षरात भरला. आधीच्या 'कामगाराची चूक' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, सही आणि तारीख घातली, आणि वर लिहिलं: 'जुन्या पद्धतीची अनियंत्रित प्रत वापरात होती. स्वरूप: ओवी. ठिकाण: कामगारांच्या तोंडी. वितरण करणारी: मी.'

प्रॉडक्शनचे साहेब तो कागद घेऊन धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना घाम फुटला होता. "बाई, हे असलं गाण्याबिण्याचं लिहितात का कुठं? उद्या तपासणीला लोक येतील, हसतील आपल्याला. तुम्हाला निवृत्त व्हायला वर्ष राहिलंय. एवढ्या वर्षांत तुमच्या खात्यावर डाग नाही. कशाला ओढवून घेताय?"

"डाग आहे म्हणून लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"पोरीला पुन्हा ट्रेनिंग दिलं असं लिहू. मिटून जाईल."

"पोरीचं मिटेल, साहेब. पण पुढच्या पोरीच्या तोंडी ओवी तीच राहील. तिला काढणार का?"

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली, छताकडं पाहिलं, आणि सही केली. बाईंनी त्यांच्यापुढं बोट टेकवलं. त्यांनी तारीखही घातली.

ओवी परत कशी घ्यायची, याची एसओपी जगात कुठं नसणार. बाईंनी ती केली. ओवीला क्रमांक दिला, आवृत्ती दिली, कागदावर उतरवून हिरवा शिक्का मारला. मग कँटीनमध्ये पुन्हा बायकांना बसवलं आणि नवी संथा दिली. पहिलं कडवं नवं होतं:

रिंगा आधी काढा । वेगळ्या त्या धुवा ।
मग हात लावा । मशिनाला ॥

सगळ्यांनी मिळून म्हटलेलं त्यांनी या वेळी धरलं नाही. एकेकीला मशीनपाशी नेलं, नळ सोडायला लावला आणि नळाच्या आवाजात म्हणवून घेतलं. जुनी सुरुवात तोंडात आली, की पुन्हा पहिल्यापासून. एक मावशी कंटाळून म्हणाल्या, "आवं बाई, सासूनं बी येवढं छळलं न्हाई." बाई खळखळून हसल्या आणि त्यांना आणखी एकदा म्हणायला लावलं.

तपासणीला आलेले गृहस्थ हैदराबादचे होते. तो कागद त्यांनी फार वेळ वाचला. साहेब माझ्याकडं बघत होते, मी साहेबांकडं. मग ते गृहस्थ हिंदीत म्हणाले, की ही आवृत्ती ऐकायला मिळेल का? वैशालीला बोलावलं. ती लाजत लाजत उभी राहिली आणि तिनं सगळी ओवी म्हणून दाखवली. गृहस्थांना मराठी बेताचंच कळत होतं, पण हिंदीमुळं अक्षरं वाचता येत होती; त्यांनी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून शब्द न् शब्द पडताळला. शेवटी मान डोलावली आणि पुढचा कागद मागितला. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना भेळ मागवली.

वैशाली कायम झाली. आता ती नव्या मुलींना शिकवते. विभागापलीकडच्या खोलीतून कधीकधी आवाज येतो, एकदा एकटीचा, मग दोनदा सगळ्यांचा. मला तो ऐकला की फार बरं वाटतं. शिक्के मारायचं खातं म्हणून मी नाक मुरडलं होतं, त्या खात्यात मी अजून आहे आणि खुशीनं आहे.

बाईंचा निरोपसमारंभही कँटीनमध्येच झाला. हार, नारळ, साहेबांचं लांबलेलं भाषण. मग वैशाली उठली आणि न विचारता ओवी म्हणायला लागली. बायकांनी साथ धरली. ओवी संपली असं वाटलं, तर ती थांबली नाही. तिनं आणखी एक कडवं म्हटलं, जे कागदावर कुठंच नव्हतं:

जुनी ती खोडली । पुसली ती न्हाई ।
सही त्याला बाई । तुमची हो ॥

टाळ्या पडायला हव्या होत्या. पडल्या नाहीत, कारण सगळे बाईंकडं बघत होते. मंजुरीशिवाय केलेला बदल त्यांनी कधी चालवून घेतला नव्हता. बाई उठल्या. त्यांनी हातानंच वैशालीला जवळ बोलावलं, तिच्याकडून ते कडवं कागदावर लिहून घेतलं, गळ्यातला दोरा काढून किल्ली माझ्या हातात दिली. मी खणातून हिरवा शिक्का आणून दिला. त्यांनी तो नीट, सरळ उमटवला. मग चष्मा पुसला आणि खाली सही केली. कागद वैशालीच्या हातात देऊन त्या डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या.

वैशालीनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. ती जागची हलली नाही. कागद तिनं पुन्हा बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि सहीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"बाई," ती म्हणाली, "तारीख?"